पुराचा गाळ काढताना नाकावर भरवसा ठेवू नका

२०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै, बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी-चिक्कोडीकडच्या माणसाला वेगळं काय सांगायचं. यमगर्णीजवळ वेदगंगा हायवेवर आली, दूधगंगा आणि कृष्णाकाठच्या गावांत घराघरात पाणी, तिकडं गोकाकात घटप्रभा घुसलेली. पाणी उतरलं की कामाला लागतात ते पौरकार्मिक (म्हणजे नगरपालिकेचे सफाई कामगार), रोजंदारीवर बोलावलेली पोरं आणि घरोघरच्या बायका. लेप्टोला (उंदराच्या मुतातनं पसरणारा ताप), काविळीला, गॅस्ट्रोला सगळे भितात आणि भ्यायलाच पाहिजे, पण रसायनाचं कुणी नाव काढत नाही. वास येत नाही म्हणजे धोका नाही, आणि ब्लिचिंगचा वास मारतोय म्हणजे जागा साफ झाली, असा सगळा हिशोब नाकावर चाललेला असतो.

आधी ब्लिचिंगचंच बघू. पंचायतीची पावडर आली की ती फरशीवर ओततात, डाग जाईना म्हणून वरनं टॉयलेट धुवायचं ॲसिड. पावडरीतला हायपोक्लोराइट ॲसिडला भेटला की क्लोरीन वायू सुटतो. हा वायू हवेच्या जवळजवळ अडीच पट जड, त्यामुळं तो खालीच साचतो, आणि उकिडवं बसून फरशी घासणाऱ्या बाईचं तोंड नेमकं तिथंच असतं. डोळे चुरचुरले, ठसका लागला, बाहेर आल्यावर बरं वाटलं, तरी विषय संपला असं नाही, कारण छातीत जास्त गेलेला असला तर फुफ्फुसात पाणी भरायला काही तास लागतात आणि रात्री झोपेत दम लागतो. गोठ्यात पण जपून, जनावरांच्या मुताचा अमोनिया असतो तिथं ब्लिचिंग टाकलं की क्लोरामाइन तयार होतं, ते पण छातीलाच धरतं. आणि गंमत म्हणजे चिखलावर टाकलेली पावडर बरीचशी वायाच जाते, गाळातला कुजका कचरा सगळा क्लोरीन खाऊन टाकतो. म्हणून आधी फावड्यानं गाळ काढायचा, साबणाच्या पाण्यानं धुवायचं, मग पातळ केलेलं ब्लिचिंग, आणि ॲसिड त्या दिवशी बाजूलाच ठेवायचं.

याहून भयंकर चीज धान्याच्या खोलीत असते. ज्वारी-गव्हाला किडा लागू नये म्हणून ठेवायच्या ज्या गोळ्या असतात ना, त्यात ॲल्युमिनियम फॉस्फाइड असतं. ओल लागली की त्यातनं फॉस्फिन वायू सुटतो, गोळीचं कामच ते आहे, फक्त पुरात ते बंद घरात माणसांच्या अंगावर येतं. भिजलेली पोती उचलायला दार उघडलं की लगेच आत घुसू नका. लसणासारखा, सडक्या मासळीसारखा वास आला तर सरळ मागं फिरा, पण कुजलेल्या धान्याच्या घाणीत तो वास ओळखू येईलच असं नाही. आणि या विषावर उतारा नाही, डॉक्टर फक्त शरीराला सांभाळून धरू शकतात.

शौचालयाचा खड्डा, गोबरगॅसची टाकी, बंद पडलेलं गटार, यात हायड्रोजन सल्फाइड साठतो. सुरवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण हवेच्या दहा लाख भागांत हा वायू १०० भागांच्या आसपास गेला की काही मिनिटांत नाकच बधिर होतं. माणसाला वाटतं, गेला वाटतं वास, आता उतरू. एक पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. २०१३ च्या कायद्यानं संरक्षक साधनांशिवाय माणसाला सेप्टिक टँकमध्ये किंवा गटारात उतरवायला बंदी आहे, तरी पुराच्या गडबडीत कोण विचारतंय.

पाणी उपसायचं इंजिन पण घरात लावू नका, पाइप आत आणि इंजिन बाहेर. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाहीच, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटीनं जास्त घट्ट चिकटतो.

आता शेतातली औषधं. उसाच्या हुमणीला (मुळं खाणारी अळी), वाळवीला आणलेला क्लोरपायरीफॉस शेडात असतो, डबा फुटून गाळात मिसळला की कळत पण नाही. हे विष कातडीतनं आत जातं, त्यामुळं तोंडाला कितीही रुमाल बांधला तरी उघड्या पायांनी चिखलात उभं राहिलात की झालं. मज्जातंतूंमधला निरोप पोचला की तो पुसणारं एक एन्झाइम असतं, ते हे औषध अडवून धरतं. मग घाम, लाळ, उलटी, डोळ्याची बाहुली बारीक, अंगावर मांस उडायला लागतं. निपाणीकडं अजून एक भर, तंबाखूची वखार. निकोटीन पाण्यात विरघळतं आणि कातडीतनं शिरतं, ओली पानं तोडणाऱ्या मजुरांना त्यानं चक्कर-उलट्या होतातच, मग भिजलेल्या तंबाखूच्या गठ्ठ्यांत कोपरापर्यंत हात घालायचा तर जाड रबरी हातमोजे आणि गमबूट हवेतच. एन-९५ मास्क वाळल्या गाळाच्या धुळीला चांगला, पण फुटलेल्या सिमेंट पत्र्यातल्या ॲस्बेस्टॉसच्या तंतूंना तो पुरेसा नाही, आणि वायू तर तो अडवतच नाही.

दवाखान्यात गेलात तर नुसतं "पुराचं काम केलं, गरगरतंय" म्हणू नका, कशात हात घातला ते सांगा, डब्याचा फोटो दाखवा. लेबल धुऊन गेलं असेल तर निदान कुठल्या पिकाला आणलं होतं ते सांगा, कारण क्लोरपायरीफॉसवर ॲट्रोपिनचं इंजेक्शन चालतं, तंबाखूच्या विषाला वेगळं बघावं लागतं, आणि डॉक्टरला ते ओळखायला तुमच्या तोंडच्या माहितीशिवाय दुसरं फारसं काही हातात नसतं.