नाइटविश : अल्बमगणिक बदललेला ध्वनी

नाइटविश हा फिनलंडचा सिम्फनिक मेटल (वाद्यवृंदाची जोड असलेले जड रॉक संगीत) बँड जुलै १९९६ मध्ये उत्तर कारेलियातील किते या छोट्या गावात सुरू झाला. १९९७ ते २०२४ या काळात त्याचे दहा स्टुडिओ अल्बम आले. तुओमास होलोपाइनेन (कीबोर्ड आणि जवळजवळ सगळी रचना) आणि एम्पू वुओरिनेन (गिटार) हे दोघेच पहिल्या दिवसापासून आजपर्यंत टिकून आहेत. गायिका तीन झाल्या : तार्या तुरुनेन (२००५ पर्यंत), आनेट ओल्झोन (२००७ ते २०१२) आणि त्यानंतर फ्लोर यान्सेन.

या तीन नावांवरून बँडचे तीन कालखंड पाडण्याची पद्धत रूढ आहे. मैफलींच्या आठवणी सांगायला ती ठीक, पण ध्वनीचा मागोवा घेताना ती दिशाभूल करते. ध्वनीतला सर्वांत मोठा सांधा गायिका बदलताना पडलेला नाही. तो तार्या असतानाच, २००२ ते २००४ दरम्यान पडला. वाद्यवृंद तेव्हा कीबोर्डमधून बाहेर पडून खऱ्या वादकांच्या हाती गेला आणि भारदस्त पुरुषी आवाज कायमचा आत आला. पुढचे सगळे बदल या पायावर झाले.

कीबोर्डचा काळ (१९९७–२०००)

सुरुवात ध्वनिक वाद्यांची होती : शेकोटीभोवती वाजवण्यासारखी गिटार, कीबोर्ड आणि तार्याचा आवाज. डिसेंबर १९९६ च्या डेमोत (नमुन्याच्या ध्वनिमुद्रणात) ड्रम्स नव्हते. युक्का नेवालाइनेन ड्रम्सवर आल्यावर डिस्टॉर्शनची (मुद्दाम फाटक्या, खरखरीत नादाची) गिटार जोडली गेली आणि १९९७ मध्ये 'एंजल्स फॉल फर्स्ट' आला. हा अल्बम खरे तर डेमोचाच वाढवलेला अवतार आहे. बासवादक नव्हता, बास वुओरिनेन यांनीच वाजवला. पुरुषी आवाज होलोपाइनेन यांचा आहे आणि तो कमकुवत आहे, हे त्यांनीही पुढे मोकळेपणाने मान्य केले. 'ॲस्ट्रल रोमान्स' हे त्यातले गाणे २००१ च्या 'ओव्हर द हिल्स अँड फार अवे' या लघुअल्बममध्ये नव्याने ध्वनिमुद्रित झाले. तिथे पुरुषी भाग सोनाटा आर्क्टिका या बँडच्या टोनी काक्को यांनी गायला. चार वर्षांत बँड कुठून कुठे गेला ते या दोन आवृत्त्या लागोपाठ ऐकल्या की कळते.

'ओशनबॉर्न' (१९९८) हा एकदम वेगळ्या जातीचा अल्बम. होलोपाइनेन तेव्हा स्ट्रॅटोव्हेरियस या बँडच्या वेगवान पॉवर मेटलने भारावले होते आणि ते लपत नाही. सामी वॅन्स्का बासवर आले. डबल बेस ड्रम अखंड धावतो, कीबोर्ड आणि गिटार शर्यत लावल्यासारखे एकमेकांना उत्तरे देतात आणि त्यावर तार्याचा सोप्रानो (स्त्रीचा सर्वांत उंच पट्टीचा आवाज) तरंगतो. थोडे तंतुवादक आणि एक बासरी पाहुणे म्हणून आहेत, बाकी सारा 'वाद्यवृंद' कीबोर्डचा. दोन गाण्यांत टापिओ विल्स्का यांचा घशातला खर्ज (गुरगुरता आवाज) आहे. 'विशमास्टर' (२०००) हा त्याच साच्याचा, जास्त गुळगुळीत अल्बम. त्यात नवे फारसे नाही, जे होते ते नीट बसवलेले आहे.

या काळातल्या गाण्यांचे शब्द कळत नाहीत, अशी तक्रार नेहमी होते. दोष इंग्रजी उच्चारांवर टाकला जातो, पण मूळ कारण आवाजाच्या भौतिकीत आहे. उच्चारातला स्वर ('आ', 'ई', 'ऊ') ओळखू येतो तो तोंडाच्या पोकळीतल्या अनुनादांवरून. 'ई' आणि 'ऊ' यांचा पहिला अनुनाद साधारण ३०० हर्ट्झच्या आसपास असतो. सोप्रानो गायिका ८८० हर्ट्झच्या सुरावर (पाश्चात्त्य A) गेली की तिचा मूळ नादच त्या अनुनादाच्या कितीतरी वर असतो. आवाज गोल आणि मोठा राहावा म्हणून ती जबडा उघडते आणि मग 'ई', 'ऊ', 'ए' सगळेच 'आ'कडे झुकतात. 'पॅशन अँड द ऑपेरा'च्या शेवटी तार्या शब्द सोडून नुसते आलापासारखे स्वर घेते. तिथे हीच मर्यादा शोभेला वापरली आहे.

सांधा : 'सेंच्युरी चाइल्ड' आणि 'वन्स'

२००१ मध्ये वॅन्स्का गेले आणि टॅरोट या बँडचे मार्को हिएताला आले. बासवादक बदलला एवढीच ही गोष्ट नव्हती. हिएताला यांचा आवाज खरखरीत, धारदार आणि पक्का रॉकचा होता. सोप्रानोच्या अगदी उलट. होलोपाइनेन यांना प्रथमच दोन पात्रांचे संवाद लिहिता आले. 'सेंच्युरी चाइल्ड' (२००२) मध्ये 'द फँटम ऑफ द ऑपेरा'चे युगलगीत आहे, 'स्लेइंग द ड्रीमर'मध्ये हिएताला किंचाळतात, आणि 'ब्यूटी ऑफ द बीस्ट' दहा मिनिटांवर जाते. योएन्सू शहराचा वाद्यवृंद काही गाण्यांत वाजतो. लय उतरली, गिटार जाड झाली, तार्याच्या ओळी खालच्या पट्टीत आल्या. त्यामुळे शब्दही कळू लागले.

'वन्स' (२००४) मध्ये लंडन फिलहार्मोनिक वाद्यवृंद आला. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' चित्रपटांच्या पार्श्वसंगीतात वाजलेला हाच तो वाद्यवृंद. वाद्यवृंदाची मांडणी पिप विल्यम्स यांनी लिहिली आणि मेट्रो व्हॉइसेस हा गायकवृंद घेतला. सुरुवातीच्या 'डार्क चेस्ट ऑफ वंडर्स'मध्ये गिटारचा रिफ (पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा) आणि वाद्यवृंदाचे आघात एकाच ठोक्यावर पडतात. आधी कीबोर्ड गिटारवर रंग चढवत असे, इथे वाद्यवृंद स्वतःच रिफ वाजवतो. 'क्रीक मेरीज ब्लड'मध्ये जॉन टू-हॉक्स यांची बासरी आणि अमेरिकेतल्या आदिवासींच्या लाकोटा भाषेतले निवेदन आहे. 'घोस्ट लव्ह स्कोअर' दहा मिनिटांचे आहे, आणि नाइटविश म्हणजे काय हे एकाच गाण्यात दाखवायचे झाले तर बहुतेक जाणकार तेच निवडतील.

बनवण्याची रीत आणि त्यातल्या अडचणी

क्रम साधारण असा असतो. होलोपाइनेन कीबोर्डवर पूर्ण गाण्याचा डेमो करतात, वाद्यवृंदाच्या ओळींची खूणगाठही त्यातच असते. मग बँड तालीम करतो. ड्रम्स, बास, गिटार आणि कीबोर्ड फिनलंडमध्ये ध्वनिमुद्रित होतात. तेरो किन्नुनेन हे या कामाचे जुने तंत्रज्ञ. वाद्यवृंद आणि गायकवृंद लंडनमध्ये. मग सगळे ध्वनिमुद्रित पट्टे हेलसिंकीच्या फिनव्हॉक्स स्टुडिओत येतात. 'ओशनबॉर्न'पासून तिथे मिक्सिंग (सगळे आवाज एकत्र जुळवणे) मिक्को कार्मिला आणि मास्टरिंग (त्यावरचा शेवटचा हात) मिका युसिला करत आले.

या क्रमात पहिली अडचण लयीची. बँड आधी वाजवून झालेला असल्याने वाद्यवृंदाला कानातल्या क्लिकवर (लय दाखवणाऱ्या टिकटिकीवर) वाजवावे लागते. सिम्फनीचे वादक एरवी संचालकाच्या हाताबरोबर लय ताणतात आणि सैल सोडतात. इथे ती मुभा नाही, म्हणून लय जिथे बदलायची ती प्रत्येक जागा आधीच ठरवून क्लिकमध्ये भरावी लागते. शिवाय गजाने वाजणाऱ्या तंतुवाद्यांचा नाद उमलायला किंचित वेळ घेतो, तर ड्रमचा ठोका तत्क्षणी उमटतो. मिनिटाला १८० ठोक्यांच्या लयीत डबल बेस ड्रमने सोळांश (एका ठोक्याचे चार भाग) धरले की सेकंदाला १२ आघात होतात. त्याखाली चेलोला तसेच वाजवायला दिले तर नुसता गढूळ गुरगुराट उरतो. म्हणून ड्रम्स धावत असताना तंतुवाद्यांना लांब, धरून ठेवलेले स्वर देतात आणि तंतुवाद्यांची नक्षी ऐकवायची असेल तिथे ड्रम्स अर्ध्या लयीवर येतात. 'वन्स'नंतरची गाणी आधीच्यांपेक्षा संथ वाटतात, त्याचे एक कारण हे आहे.

दुसरी अडचण जागेची, आणि ती जास्त चिवट. डिस्टॉर्शनची गिटार १०० हर्ट्झपासून ५ किलोहर्ट्झपर्यंतचा पट्टा अखंड व्यापून टाकते. चेलो, व्हायोला, हॉर्न आणि माणसाचा आवाज हे सगळे याच पट्ट्यात राहतात. सगळेच मोठे केले तर काहीच मोठे वाटत नाही, आणि मास्टरिंगमधला लिमिटर (मोठे आवाज दाबणारे साधन) वाद्यवृंदाचे चढउतार चेपून सपाट करतो. उपाय बराचसा लेखणीतच करावा लागतो : गिटारने मोकळे कॉर्ड धरावेत, व्हायोलिन एक सप्तक वर न्यावीत, ब्रासला (पितळी फुंकवाद्यांना) गिटारच्या मोकळ्या जागांत वाजवू द्यावे. उरलेले मिक्सिंगमध्ये होते. गिटारचा तळ कापतात, दोन गिटार डाव्या-उजव्या टोकांना ठेवतात आणि २ ते ४ किलोहर्ट्झ गळ्यासाठी मोकळे सोडतात. या तडजोडीत दरवेळी हरली ती गिटार. वुओरिनेन यांचे लांब सोलो 'विशमास्टर'नंतर कमी होत गेले आणि गिटार ऐकायला आलेले जुने चाहते आजही तेच म्हणतात. त्यांचे म्हणणे खरे आहे.

'डार्क पॅशन प्ले' आणि 'इमॅजिनेरम'

२१ ऑक्टोबर २००५ रोजी हेलसिंकीच्या हार्टवॉल अरेनातील मैफल संपल्यावर बँडने खुल्या पत्राद्वारे तार्याला निरोप दिला. 'डार्क पॅशन प्ले' (२००७) चे संगीत नवी गायिका ठरण्याआधी लिहिले गेले होते. मे २००७ मध्ये स्वीडनच्या आनेट ओल्झोन यांचे नाव जाहीर झाले. त्यांचा आवाज पॉप-रॉकचा, सरळ आणि शब्द स्वच्छ सांगणारा. वाद्यवृंद ॲबी रोड स्टुडिओत वाजला. 'द पोएट अँड द पेंड्युलम' हे पहिलेच गाणे जवळजवळ १४ मिनिटांचे, त्यात एक बालगायकही आहे. इतक्या मोठ्या वाद्यवृंदापुढे साधा आवाज कधी कधी लहान पडतो हे खरे, पण 'द आयलंडर'सारख्या हिएताला यांच्या शांत गाण्यांना अल्बममध्ये श्वास मिळाला तोही याच वेळी. ट्रॉय डॉनॉकली यांचे इलियन पाइप्स (आयरिश बॅगपाइप) इथे प्रथम ऐकू येतात.

'इमॅजिनेरम' (२०११) त्याच नावाच्या चित्रपटाबरोबर आखला गेला. चित्रपट २०१२ मध्ये आला. ओल्झोन यांच्या आवाजासाठी मुद्दाम लिहिलेला हा एकमेव अल्बम, आणि तो कानांना लगेच कळतो. 'स्लो, लव्ह, स्लो' हे धुरकट जॅझ आहे, 'स्केअरटेल'मध्ये सर्कशीचा गोंगाट आणि मुलांचा कोरस. ओल्झोन नाट्यपात्रासारख्या आवाज बदलतात. त्यांना बँडची चुकीची निवड म्हणणाऱ्यांनी हा अल्बम पुन्हा ऐकायला हरकत नाही.

यान्सेन, पाइप्स आणि शेवटचे तीन अल्बम

ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्याच्या मध्यातच ओल्झोन बाहेर पडल्या आणि आफ्टर फॉरेव्हर या बँडच्या माजी गायिका फ्लोर यान्सेन ऐनवेळी आल्या. २०१३ मध्ये त्या आणि डॉनॉकली कायमचे सभासद झाले. यान्सेन यांच्याकडे ऑपेराचा गोल आवाज, रॉकचा छातीतला जोर आणि घशातला खर्ज असे तिन्ही आहे. ऑगस्ट २०१३ च्या, जर्मनीतल्या वाकेन मेटल महोत्सवातले 'घोस्ट लव्ह स्कोअर' ऐकून २००४ चे मूळ ऐकावे. तार्या शेवटचा भाग गोल, झाकलेल्या सुरात गाते. यान्सेन तिथेच छातीचा उघडा आवाज लावतात. सूर तेच, वजन वेगळे.

गंमत अशी की 'एंडलेस फॉर्म्स मोस्ट ब्यूटिफुल' (२०१५) मध्ये हा आवाज बराच आवरून वापरला आहे. डार्विनच्या वाक्यातून नाव घेतलेल्या या अल्बमात जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स निवेदन करतात आणि 'द ग्रेटेस्ट शो ऑन अर्थ' २४ मिनिटे चालते. विषयाची भव्यता मोठी, पण चाली मागच्या अल्बमांची आठवण करून देतात.

डॉनॉकली यांच्या पाइप्सनी मात्र ध्वनीला नवी जागा दिली. इलियन पाइप्स तोंडाने फुंकत नाहीत, कोपराखालच्या भात्याने हवा भरतात. पल्ला साधारण दोन सप्तकांचा आणि नळी बहुधा 'डी' (D) या सुराची, म्हणून त्या सुराच्या जवळच्या पट्ट्या त्यांना सोयीच्या. यातल्या जिभल्या (नाद काढणाऱ्या पातळ पट्ट्या) कोरड्या हवेत सूर सोडतात आणि रंगमंचावरच्या दिव्यांच्या उष्णतेत तर हमखास.

'ह्यूमन नेचर' (१० एप्रिल २०२०), ज्याच्या दोन शब्दांमध्ये स्वरलिपीतले पुनरावृत्तीचे चिन्ह आहे, दोन डिस्कचा निघाला. पहिलीवर नऊ गाणी. इथे बहुआवाजी गायन वाढले : यान्सेन, हिएताला आणि डॉनॉकली एकत्र गातात, 'हार्वेस्ट'चा मुख्य आवाज डॉनॉकली यांचा आहे आणि 'शूमेकर'च्या शेवटी यान्सेन अखेर पूर्ण ऑपेरात जातात. दुसरीवर आठ भागांची, बँडशिवायची वाद्यवृंदरचना. होलोपाइनेन यांच्या आतला चित्रपटसंगीतकार इथे एकटाच उरला आहे आणि मेटलच्या धक्क्याविना तो जरा पसरट वाटतो.

नेवालाइनेन यांनी निद्रानाशामुळे २०१४ मध्ये ड्रम्स सोडल्यावर काई हाह्तो वाजवू लागले. जानेवारी २०२१ मध्ये हिएताला गेले, ही ध्वनीतली दुसरी मोठी हानी. युक्का कोस्किनेन यांनी बास सांभाळला, पण तो खरखरीत आवाज परत आला नाही. 'येस्टरवाइंड' (२० सप्टेंबर २०२४) मध्ये पुरुषी बाजू डॉनॉकली यांच्या मऊ गळ्याकडे आहे, आणि त्यामुळे जुन्या संवादांतला संघर्ष उरलेला नाही. जागा गायकवृंदाने भरली आहे.

मंचावर

लंडनचा वाद्यवृंद दौऱ्यावर जात नाही. मैफलीत वाद्यवृंद आणि गायकवृंद ध्वनिमुद्रित पट्ट्यांवरून वाजतात आणि ड्रमवादकाच्या कानात क्लिक असतो. बाकीचे ड्रम्सवर लय धरतात. पट्टा थांबला की गाणे अर्धे रिकामे होते, आणि ड्रमवादक एकदा क्लिकच्या पुढे गेला की वाद्यवृंद त्याच्यासाठी थांबत नाही. 'ओशनबॉर्न'ची गाणी कीबोर्डवरच उभी असल्याने त्यांना हा धोका कमी. 'वन्स'नंतरच्या लांब गाण्यांत मुक्तपणे खेळायला जागा जवळजवळ नाही. 'येस्टरवाइंड'साठी तर बँडने दौरा करणार नसल्याचे आधीच जाहीर केले, त्यामुळे ती गाणी स्टुडिओतल्या रूपातच ऐकावी लागतात.