आगाऊ मतदान

मतदानाचा मुख्य दिवस येण्याआधी, निवडणूक यंत्रणेने ठरवून दिलेल्या मुदतीत मत देण्याची सोय म्हणजे आगाऊ मतदान. हे मत कुठे केंद्रावर जाऊन द्यायचे असते, कुठे टपालाने पाठवायचे असते. एस्टोनियात 2005 पासून ते इंटरनेटवरूनही देता येते. मत आधी पडले तरी निकाल मुख्य दिवसाचे मतदान संपल्यावरच बाहेर येतो.

सुरुवातीला ही फक्त नाइलाजाची सवलत होती. अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना, 1864 च्या निवडणुकीत, अनेक राज्यांनी आघाडीवरच्या सैनिकांना तिथूनच मत देऊ दिले. पुढे आजारी आणि परगावी असलेल्यांना ही सवलत मिळाली, पण त्यासाठी कारण द्यावे लागे. कॅलिफोर्नियाने टपाली मतासाठीची ही अट 1978 मध्ये काढून टाकली. 1980 च्या दशकाच्या अखेरीस टेक्सासने कोणत्याही मतदाराला, काही कारण न सांगता, आधीच केंद्रावर येऊन मत देण्याची मुभा दिली. आज स्वीडनमध्ये 18 दिवस आधीपासून मत देता येते, कॅनडात चार दिवस मिळतात, दक्षिण कोरियात दोन. कॅनडाच्या 2025 च्या निवडणुकीत त्या चार दिवसांत सुमारे 73 लाख लोकांनी मत दिले. भारतात सर्वांसाठी अशी सोय नाही. निवडणुकीच्या कामावरचे कर्मचारी, सैन्यदलांतील मतदार अशा काहींना टपाली मत देता येते, आणि 2024 च्या लोकसभा निवडणुकीत 85 वर्षांवरील व किमान 40 टक्के अपंगत्व असलेल्या मतदारांना घरून मत देण्याचा पर्याय होता.

आगाऊ मतदानाचा फायदा विचारला की गर्दी टळते, रांग लहान होते, हे उत्तर लगेच येते. ते खरेच आहे, पण त्याहून मोलाचा फायदा आहे तो चूक निस्तरायला मिळणाऱ्या वेळेचा. एखादी परिचारिका पाळी संपवून केंद्र बंद होण्याच्या जरा आधी धावत पोहोचते आणि तिला कळते की यादीत नाव नाही, किंवा ओळखपत्राची मुदत संपली आहे, किंवा आपले केंद्र बदलून दुसऱ्या टोकाला गेले आहे. मुख्य दिवशी हे घडले तर तिचे मत बहुतेक वेळा बुडाले. हेच दहा दिवस आधी घडले तर कार्यालयात विचारणा करता येते, कागद आणता येतो, पुन्हा येता येते. यंत्रणेलाही तेच लागू आहे: यंत्र अडले, मतपत्रिका कमी पडल्या, कर्मचाऱ्यांना एखादा नियम नीट समजला नव्हता, हे सगळे आधीच्या दिवसांत उघड होते आणि मुख्य दिवसापूर्वी दुरुस्त होऊ शकते.

एकाच दिवसावर सगळे टाकण्याचा धोका ऑक्टोबर 2012 मध्ये दिसला. अध्यक्षीय निवडणुकीला जेमतेम आठवडा उरला असताना सँडी चक्रीवादळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आदळले. न्यूयॉर्क राज्यात तेव्हा आगाऊ मतदान नव्हते; केंद्रे हलवावी लागली आणि घर सोडावे लागलेल्यांसाठी ऐनवेळी खास नियम काढावा लागला. तिथे आगाऊ मतदान सुरू झाले ते 2019 मध्ये. कोरोनाच्या साथीत दक्षिण कोरियाने एप्रिल 2020 मध्ये संसदेची निवडणूक घेतली, तेव्हा चारातल्या एकाहून अधिक मतदारांनी आधीच मत देऊन टाकले होते.

कोरियाची पद्धत मुद्दाम पाहण्यासारखी आहे. आगाऊ मतदानाच्या दोन दिवसांत मतदार देशातल्या कोणत्याही आगाऊ मतदान केंद्रावर जाऊ शकतो. ओळखपत्र तपासले की त्याच्या स्वतःच्या मतदारसंघाची मतपत्रिका तिथल्या तिथे छापून हातात येते. तो मतदारसंघाबाहेरचा असेल, तर सोबत पत्ता चिकटवलेला लिफाफा मिळतो; मत त्यात बंद होऊन टपालाने योग्य ठिकाणी जाते. शिकायला किंवा नोकरीला घरापासून लांब राहणाऱ्यांचे मत यामुळे वाचते.

आगाऊ मतदानाने मतदानाचा एकूण टक्का वाढतोच, असे मात्र म्हणता येत नाही. अमेरिकेतल्या अभ्यासांचे निष्कर्ष संमिश्र आहेत. आधी मत देणाऱ्यांत मोठा वाटा अशांचा असतो, जे एरवीही आलेच असते. तरी पाळीत काम करणारे, घरी आजारी माणूस असलेले, गर्दीत उभे राहू न शकणारे यांच्यासाठी ही सोय हक्क टिकवणारी आहे, आणि तिची किंमत केवळ टक्क्यावरून करणे अन्यायाचे होईल.

खरी अडचण वेगळीच आहे. मत दिल्यावर परिस्थिती बदलली तर? 2020 मध्ये अमेरिकेत डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवार निवडीत पीट बुटिजेज आणि एमी क्लोबुचार यांनी 3 मार्चच्या मोठ्या मतदान फेरीच्या तोंडावर माघार घेतली. त्यांना आधीच दिलेली मते वाया गेली, आणि ज्यांनी ती दिली होती त्यांतल्या बहुतेकांना पुन्हा मत देता आले नाही. म्हणून उमेदवार अजून चाचपडत असतील, तर पहिल्याच दिवशी मत देण्याची घाई करू नये. पसंती पक्की असेल, तर थांबण्यातही अर्थ नाही. स्वीडनने यावर सरळ उपाय काढला आहे: आधी मत दिलेला मतदार मुख्य दिवशी आपल्या केंद्रावर जाऊन ते बदलू शकतो. एस्टोनियात आगाऊ मुदतीत इंटरनेटवरून कितीही वेळा मत देता येते आणि शेवटचेच मोजले जाते. त्यामुळे कोणी शेजारी उभे राहून जबरदस्तीने बटण दाबायला लावले, तरी मतदार नंतर एकटा असताना आपले मत बदलू शकतो.