न्यूयॉर्क रेनेसाँ

न्यूयॉर्क रेनेसाँ : अमेरिकेतील एक अस्तंगत व्यावसायिक बास्केटबॉल संघ. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात स्थापन झालेला हा संघ ‘रेन्स’ या लघुनावाने अधिक परिचित आहे. खेळाडू, मालक आणि प्रशिक्षक असे सर्वच कृष्णवर्णीय असलेला हा संघ १९२३ ते १९४९ या काळात खेळला. त्याचे संस्थापक रॉबर्ट डग्लस (१८८२–१९७९) हे मूळचे कॅरिबियन समुद्रातील सेंट किट्स बेटावरचे.

स्थापनेचे वर्ष काही ग्रंथांत १९२२, तर काहींत १९२३ असे मिळते. डग्लस यांचा ‘स्पार्टन ब्रेव्ह्ज’ हा हौशी संघ त्याआधीपासूनच खेळत होता, त्यामुळे नेमका कोणता क्षण स्थापनेचा धरायचा यावरून हा फरक पडलेला दिसतो. हार्लेममधील हौशी संघांच्या संघटनेने व्यावसायिक खेळाशी संबंध आलेल्या खेळाडूंना मनाई केली. डग्लस यांना ती मान्य नव्हती. पुढे त्यांनी ‘रेनेसाँ कॅसिनो’ या नव्या नृत्यगृहाच्या चालकांशी करार केला. सभागृह सामन्यांसाठी मिळावे आणि त्या बदल्यात संघाने इमारतीचे नाव मिरवावे, असा तो व्यवहार होता. या इमारतीचे चालक विल्यम रोच हेही कॅरिबियनमधून, माँटसेराट बेटावरून, आलेले. नव्या नावाने पहिला सामना ३ नोव्हेंबर १९२३ रोजी झाला व तो रेन्सने २८–२२ असा जिंकला. हौशी पूर्वसूरींचा काळ स्वतंत्र मानून १९२३ हेच वर्ष धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

रेन्सला दिले जाणारे ‘पहिला कृष्णवर्णीय व्यावसायिक संघ’ हे बिरुदही तपासून घ्यावे लागते. हार्लेममध्येच ‘कॉमनवेल्थ फाइव्ह’ नावाचा पगारी कृष्णवर्णीय संघ रेन्सच्या किंचित आधी उभा राहिला होता, मात्र त्याचे मालक मॅकमॅहन बंधू गोरे होते व तो संघ १९२४ च्या सुमारास बंद पडला. त्यामुळे मालकीही कृष्णवर्णीयांची असलेला आणि टिकून राहिलेला पहिला व्यावसायिक संघ, एवढेच विधान निर्धास्तपणे करता येते. तेही थोडेथोडके नव्हे.

सामन्यांची जागा म्हणजे झुंबरे लावलेले नृत्यगृह. सामन्याआधी व नंतर वाद्यवृंद वाजे, प्रेक्षक नाचत, आणि त्याच गुळगुळीत लाकडी जमिनीवर खेळ होई. तिकिटाचे पैसे सामन्याइतकेच नाचासाठीही मोजले जात. जलद, अचूक पास आणि चेंडू कमीत कमी ड्रिबल करणे (जमिनीवर आपटत नेणे) ही रेन्सची शैली या जागेवर घडली, असे काहींचे मत आहे. तेच या शैलीचे खरे कारण होते असे म्हणणे कठीण, कारण पास देत खेळण्याची पद्धत त्यांचे प्रमुख प्रतिस्पर्धी ‘ओरिजिनल सेल्टिक्स’ यांचीही होती. सेल्टिक्सला रेन्सने डिसेंबर १९२५ मध्ये प्रथम हरवले. त्याच वर्षी सुरू झालेल्या अमेरिकन बास्केटबॉल लीगने रेन्सला प्रवेश नाकारला.

लीगबाहेर राहिल्यामुळे संघाचे जीवन दौऱ्यांवर गेले. मध्यपश्चिमेत वा दक्षिणेत एखाद्या मोठ्या शहरात मुक्काम ठेवायचा आणि तेथून आसपासच्या गावांत सामने खेळायला जायचे, असा क्रम असे. गोऱ्यांची हॉटेले व खाणावळी बंद असल्याने अनेकदा बसमध्येच खावे-झोपावे लागे. दौऱ्याचे व्यवस्थापक एरिक इलिज हे प्रेक्षक मोजण्याचे यंत्र हातात घेऊन दाराशी उभे राहत व ठरलेले पैसे हाती पडल्याशिवाय संघाला मैदानात उतरू देत नसत. त्यांच्याजवळ पिस्तूलही असे.

१९३२–३३ चा हंगाम सर्वांत गाजला. १ जानेवारी ते २७ मार्च १९३३ या ८६ दिवसांत संघाने सलग ८८ सामने जिंकले. ही मालिका सेल्टिक्सनेच खंडित केली. क्लॅरेन्स ‘फॅट्स’ जेंकिन्स, बिल यान्सी, एअर सेच, जॉन होल्ट, जेम्स रिक्स, चार्ल्स ‘टारझन’ कूपर आणि विली स्मिथ हे त्या काळचे सात आधारस्तंभ. या विक्रमाची मोजदाद करताना एक तांत्रिक बाब विसरू नये. तेव्हा प्रत्येक बास्केटनंतर मध्यभागी पुन्हा जंप बॉल होई, म्हणजे दोन प्रतिस्पर्ध्यांमध्ये चेंडू वर फेकला जाई व तो उडी मारून मिळवावा लागे (हा नियम १९३७ मध्ये रद्द झाला). त्यामुळे कूपरसारखा उंच मध्यवर्ती खेळाडू असलेल्या संघाला गुण केल्यावर चेंडूही परत मिळवण्याची संधी असे.

१९३९ मध्ये शिकागोत भरलेल्या पहिल्या जागतिक व्यावसायिक स्पर्धेत रेन्सने उपांत्य फेरीत हार्लेम ग्लोबट्रॉटर्सना आणि अंतिम सामन्यात ऑशकॉश ऑल-स्टार्सना ३४–२५ असे नमवले. विजेत्यांना मिळालेल्या जाकिटांवर ‘कलर्ड’ (कृष्णवर्णीय) विश्वविजेते असे लिहिलेले होते. जॉन आयझॅक्स यांनी दाढीच्या पात्याने तेवढा शब्द उसवून काढला. डग्लस यांनी जाकीट खराब होत असल्याची तक्रार केली, असेही सांगितले जाते.

युद्धकाळात काही खेळाडू ‘वॉशिंग्टन बेअर्स’कडे गेले व त्या संघाने १९४३ ची जागतिक स्पर्धा जिंकली. याच स्पर्धेच्या १९४८ च्या अंतिम सामन्यात रेन्स मिनियापोलिस लेकर्सकडून ७५–७१ असे हरले. त्याच वर्षाच्या अखेरीस नॅशनल बास्केटबॉल लीगमधील डेट्रॉइटचा संघ बंद पडला आणि त्याची जागा रेन्सने ‘डेटन रेन्स’ या नावाने घेतली. प्रशिक्षक व खेळाडू पॉप गेट्स होते. डेट्रॉइटच्या पराभवांचे ओझे घेऊन उतरलेल्या या संघाने १४ सामने जिंकले, २६ गमावले. १९४९ मध्ये ती लीग प्रतिस्पर्धी संघटनेत विलीन होऊन एनबीए (नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन) अस्तित्वात आली, तेव्हा डेटनला त्यात स्थान मिळाले नाही. रेन्सचे माजी खेळाडू नॅट ‘स्वीटवॉटर’ क्लिफ्टन मात्र १९५० मध्ये न्यूयॉर्क निक्समधून एनबीएत उतरले. त्यांचे तेथील प्रशिक्षक जो लॅपचिक हे पूर्वीचे सेल्टिक्सचे खेळाडू.

संपूर्ण संघाला १९६३ मध्ये बास्केटबॉलमधील थोरांचा गौरव करणाऱ्या नेस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये मानाचे स्थान मिळाले व डग्लस यांचा १९७२ मध्ये स्वतंत्रपणे समावेश झाला. एकूण कामगिरी बहुतेक ग्रंथांत २,५८८ विजय व ५३९ पराभव अशी येते, तर प्रशिक्षक म्हणून डग्लस यांच्या नावावर २,३१८ विजय व ३८१ पराभव दिले जातात. दौऱ्यांवरील अनेक सामने स्थानिक वृत्तपत्रांतच नोंदले गेले असल्याने दोन्ही आकडे अंदाजे समजावेत.