एकविसाव्या टाळकऱ्याला जागा नाही

आमच्या खानापूर तालुक्यातून पायी दिंड्या पंढरपूरला जातात. गेल्या वर्षी मुलांना प्रोग्रामिंग शिकवताना मी त्यावरूनच गणित घातलं: दिंडीतले टाळकरी एका ओळीत किती वेगवेगळ्या क्रमांनी उभे राहतील? दोघे असले तर २, तिघे असले तर ६, चौघे असले तर २४. नवा माणूस आला की आधीच्या उत्तराला नव्या संख्येनं गुणायचं. यालाच फॅक्टोरियल म्हणतात. मुलांनी जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत चार-पाच ओळींचा प्रोग्राम लिहिला. वीस टाळकऱ्यांचं उत्तर आलं २४३२९०२००८१७६६४००००. अगदी बरोबर. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, वीसपर्यंत बरोबर येतंय, खरं एकविसाला वजा आलंय बघा."

पडद्यावर −४२४९२९००४९४१९२१४८४८ असा आकडा होता.

जावातला 'लाँग' हा प्रकार एका संख्येला ६४ बिट देतो. बिट म्हणजे ० किंवा १ मावेल एवढं घर. अशा ६४ घरांत मावणारी सगळ्यात मोठी संख्या ९२२३३७२०३६८५४७७५८०७. भास्कराचार्यांनी ११५०च्या 'लीलावती'त एक, दश, शत करत परार्धापर्यंत नावं दिली आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. असे ९२ परार्ध या घरांत मावतात. पण त्याआधी नवव्या शतकात, आजच्या कर्नाटकातल्या राष्ट्रकूटांच्या काळात, महावीराचार्यांनी चोवीस स्थानांची नावं सांगितली होती. त्यांचा 'महाक्षोभ', एकावर तेवीस शून्यं, या ६४ घरांत बसत नाही.

घरं संपल्यावर काय होतं? जुन्या स्कूटरचा मीटर ९९९९९ नंतर ०००००वर येतो, तसंच. फरक एवढाच की इथं ० आणि १च्या निम्म्या जुळण्या उणे संख्यांसाठी राखलेल्या असतात, म्हणून मीटर शून्यावर न येता उण्यांच्या टोकाला जातो. प्रोग्राम थांबत नाही, तक्रार करत नाही, आणि मला हेच सगळ्यात घातक वाटतं. एकविसाला उणे चिन्हामुळे चूक पकडली गेली. पण तेविसाला उत्तर येतं ८१२८२९१६१७८९४८२५९८४. चिन्ह अधिक, आकडा भारदस्त, आणि पूर्ण चुकीचा. ४ जून १९९६ रोजी एरियन-५ रॉकेट उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आत नष्ट झालं, त्यामागेही एक मोठी किंमत १६ बिटांत कोंबण्याचा प्रयत्न होता.

जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेतली साधी संख्या वेगळ्या रीतीनं चुकते. ती मोठ्या संख्येचे सुरुवातीचे अंक जपते आणि शेवटचे सोडून देते. ९००७१९९२५४७४०९९३ लिहा, ती ९००७१९९२५४७४०९९२ ठेवते. पूर्ण अंक हवे असतील तर त्या भाषेच्या २०२०च्या प्रमाणकात आलेला 'बिगइंट' हा संख्येचा प्रकार वापरावा लागतो.

मग मुलांना तोच प्रोग्राम पायथॉन या तिसऱ्या भाषेत लिहायला सांगितला. एकवीस, तेवीस, शंभर, सगळी उत्तरं बरोबर. पायथॉनकडे मोठी घरं नाहीत, त्याच्याकडे हातचा आहे. बेळगावच्या रविवार पेठेतल्या भुसार दुकानातली जुनी खतावणी आठवा. पान भरलं की बेरीज पुढच्या पानावर न्यायची. पानं कमी पडली तर नवी जोडायची. पायथॉन संख्येचे ३०-३० बिटांचे तुकडे करतो. एका तुकड्यात १०७ कोटींहून थोडी जास्त किंमत मावते. एकवीस टाळकऱ्यांच्या उत्तराला असे तीन तुकडे लागतात. बेरीज, गुणाकार सगळं आपण तिसरी-चौथीत शिकलो त्याच पद्धतीनं: उजवीकडून सुरुवात, हातचा डावीकडे. तुकडा ३२चा न ठेवता ३०चा ठेवला, कारण दोन तुकड्यांचा गुणाकार आणि त्यावरचा हातचा ६४ बिटांत निर्धास्त मावावा. जावातही असा कितीही मोठ्या संख्येचा 'बिगइंटिजर' प्रकार आहेच, पण तो आपण आठवणीनं मागावा लागतो.

या सोयीची किंमत वेळेत मोजावी लागते. हजार अंकी दोन संख्या शाळेच्या रीतीनं गुणायच्या तर अंकाला अंक असे दहा लाख छोटे गुणाकार होतात. याहून कमी कष्टात ते जमणार नाही, असा कोल्मोगोरोव्हसारख्या थोर गणितज्ञाचा अंदाज होता. १९६० मध्ये मॉस्कोत त्यांनी तो मांडला आणि आठवड्याभरात करात्सुबा या २३ वर्षांच्या विद्यार्थ्यानं तो खोटा ठरवला. २३ × ४१ घ्या. आपण चार गुणाकार करतो. त्यानं तीनच केले: २ × ४ = ८, ३ × १ = ३, आणि (२+३) × (४+१) = २५. पंचवीसातून ८ आणि ३ वजा केले की १४ उरतात. ८००, १४० आणि ३ मिळून ९४३. एक गुणाकार वाचला. मोठ्या संख्येच्या तुकड्यांवर, मग तुकड्यांच्या तुकड्यांवर हेच केलं की बचत प्रचंड वाढत जाते. दोन्ही संख्या ७० तुकड्यांपलीकडे गेल्या की पायथॉन आजही ही रीत वापरतो.

शेवटी मुलांनी १००० टाळकऱ्यांचं उत्तर काढलं. २५६८ अंक, पडदा भरून गेला. "हे तरी खरं कशावरून?" एका मुलीनं विचारलं. प्रश्न रास्त होता. म्हटलं, शेवटी किती शून्यं हवीत ते कागदावर काढ. शून्य बनायला २ आणि ५ची जोडी लागते. दोन भरपूर, पाच मोजायचे. १००० पर्यंत पाचाच्या पटी २००, पंचविसाच्या ४०, एकशे पंचविसाच्या ८, सहाशे पंचविसाची १. तिनं बेरीज केली, २४९. मग दोघी-तिघी पडद्याला बोट लावून शेवटची शून्यं मोजत बसल्या. मधली सुट्टी संपली तरी उठल्या नाहीत. २४९ भरली.