मुलाचा एक पाय आखूड असेल तर: बूट उंच करून घेण्यापूर्वी हे वाचा

शाळेच्या पॅन्टची एकच बाजू जमिनीला घासते, किंवा मूल एका पायाच्या चवड्यावर चालतं. घरच्यांच्या लक्षात येतं ते बहुधा असंच. अर्धा-एक सेंटिमीटरचा फरक पुष्कळांच्या पायांत असतो, त्याला काही करावं लागत नाही. 2 सेंमीपर्यंत डॉक्टर सहसा नजर ठेवतात किंवा बुटाला उंची द्यायला सांगतात. 2 ते 5 सेंमी असेल तर लांब पायाची गुडघ्याजवळची वाढ वेळेवर थांबवण्याचं छोटं ऑपरेशन करता येतं. त्याहून जास्त असेल तर हाड लांबवण्याचा विचार होतो. पण हे आकडे आजच्या फरकाचे नव्हेत, वाढ संपल्यावर जो फरक उरणार त्याचे आहेत.

म्हणून उंच बूट मिळाला की डॉक्टरांकडे जाणं थांबवू नका. बुटाने कंबर समतल राहते आणि चाल सुधारते, पाय मात्र वाढत नाही. मांडीच्या हाडाचं गुडघ्याकडचं टोक वर्षाला साधारण 1 सेंमी वाढतं, नडगीचं वरचं टोक 6 मिमी. मुलींची ही वाढ 14च्या आसपास संपते, मुलांची 16च्या. ऑपरेशनने 3 सेंमी भरून काढायचे तर दोन वर्षांची वाढ हाताशी हवी. ‘मोठी झाली की बघू’ म्हणत 15व्या वर्षी आणलेल्या मुलीला हा सोपा मार्ग उरत नाही. मग बहुधा राहते ती हाड कापून हळूहळू लांबवणारी, पायाला बाहेरून बसवलेली फ्रेम: दिवसाला 1 मिमी, म्हणजे 4 सेंमीसाठी 40 दिवस, आणि पुढे हाड पक्कं होईपर्यंत कित्येक महिने ती पायातच.

माप आणि बूट

असे बूट करून देताना आम्ही मूल अनवाणी उभं करतो, गुडघे सरळ, आणि आखूड पायाखाली 5-5 मिमीच्या फळ्या सरकवत जातो. कमरेची दोन्ही हाडं एका रेषेत आली की थांबतो. झोपवून टेपने घेतलेलं माप एकट्याने पुरत नाही, कारण मूल थोडं तिरकं झोपलं तरी ते चुकतं. फरक मोठा असेल तर डॉक्टरांनी काढलेला दोन्ही पायांचा उभा एक्स-रे लागतोच.

1 सेंमीपर्यंतची उंची बुटाच्या आत बसते. त्याहून जास्त आत घातली तर टाच बुटाबाहेर येते आणि मूल बूट काढून फेकतं. मग ती सोलखाली लावावी लागते. आम्ही ईव्हीए हा हलका फोम वापरतो, कारण जड रबराने आखूड पाय आणखी ओढला जातो. टाचेखाली 3 सेंमी असेल तर चवड्याखाली साधारण 2 आणि बोटांच्या टोकाला 1 ठेवतो. सगळीकडे सारखी जाडी दिली की बूट पुढे वळत नाही आणि मूल ठेचकाळतं. मोजलेल्या फरकापेक्षा अर्धा-एक सेंमी कमीच देतो, म्हणजे पाय उचलताना बूट जमिनीला अडत नाही.

बडोद्याच्या पावसाळ्यात चिकटवलेला थर कडेने सुटतो. पाणी मुरलेला बूट उन्हात किंवा हीटरजवळ वाळवू नका, सावलीत पंख्याखाली ठेवा. सुटलेला थर मोच्याकडून खिळे मारून बसवू नका, खिळा आत टोचतो. घरात अनवाणी वावरणाऱ्या मुलासाठी त्याच मापाची सँडल वेगळी करून घ्या. नवरात्रात अनवाणी गरबा खेळल्याने काही बिघडत नाही. खेळू द्या.

आधी डॉक्टर

दोन वर्षांपर्यंत पाय बाहेर वाकलेले आणि तीन-चार वर्षांचे असताना गुडघे एकमेकांना लागणारे असणं स्वाभाविक आहे. सातव्या वर्षापर्यंत ते बहुधा सरळ होतात. पण एकच पाय वाकडा असेल, वाकडेपणा वाढत असेल, पाय दुखत असेल, किंवा पूर्वी गुडघ्याजवळ हाड मोडलं असेल वा हाडात पू झाला असेल, तर आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. मुडदुसामुळेही पाय वाकतात. तिथे बूट नव्हे, औषध लागतं.

मापाला येताना डॉक्टरांची चिठ्ठी, एक्स-रे आणि रोजचे दोन्ही बूट आणा. बुटाला पुढे निदान बोटभर जागा असू द्या आणि सोल सपाट असू द्या. दर सहा महिन्यांनी माप पुन्हा घ्यावं लागेल.