उजनीसाठी बोट निवडताना: स्पोर्ट्स क्रूझरच्या रचनेचा हिशेब

ओळखीच्या एका टॉवेल कारखानदारांनी मध्यंतरी माझ्यापुढे बोटींची चकचकीत माहितीपत्रकं पसरली आणि विचारलं, “सर, उजनी धरणात घरच्यांना घेऊन फिरायला यातली सगळ्यात भारी कुठली?” सगळ्या बोटी ‘स्पोर्ट्स क्रूझर’ या वर्गातल्या. आठ ते दहा मीटर लांबी, मागे मोकळी बैठक, पुढच्या टोकात आणि बैठकीच्या खाली झोपायची केबिन, छोटं स्वयंपाकघर, संडास आणि ताशी पन्नास किलोमीटरच्या घरात पळवणारं इंजिन. पत्रकात वेग, ऐसपैस जागा, स्थैर्य आणि काटकसर हे सगळं एकाच बोटीत मिळतं. पाण्यावर तसं होत नाही. यातली एक गोष्ट वाढवली की दुसरी कुठली तरी कमी होते. ती कुठली आणि किती, हे समजलं तरच निवड डोळसपणे करता येते.

वेगापासूनच सुरुवात करू, कारण बाकीचा बराच हिशेब त्याच्याशी बांधलेला आहे.

उभी असलेली बोट आर्किमिडीजच्या नियमाने तरंगते. साडेचार टनांची बोट गोड्या पाण्यात साडेचार हजार लिटर पाणी बाजूला सारते. ती चालू लागली की स्वतःच लाटा उठवते. वेग वाढतो तशी या लाटांची लांबीही वाढत जाते. लाट बोटीएवढी लांब झाली की पुढचं टोक एका उंचवट्यावर, मागचं दुसऱ्यावर आणि मधला भाग खोलगटात, अशी स्थिती येते. ब्रिटिश अभियंता विल्यम फ्रूड यांनी १८७०च्या दशकात जहाजांच्या छोट्या प्रतिकृती पाण्याच्या लांब हौदात ओढून या लाटांच्या विरोधाचं गणित बसवलं. त्या गणितानुसार पाण्यालगत आठ मीटर लांबी असलेल्या बोटीला ही अडचण ताशी पावणेतेरा किलोमीटरच्या आसपास येते. त्यापुढे जोर लावला तर मागचा भाग दबतो, नाळ (बोटीचं पुढचं टोक) वर उचलली जाते, चालकाला समोरचं पाणी दिसेनासं होतं आणि इंजिन भरमसाट इंधन पिऊ लागतं. हा चढ पार झाला तरच बोट पाण्याच्या पृष्ठभागावर येते आणि घसरत पळू लागते. याला ‘प्लेनिंग’ म्हणतात. इथे बोटीचा बहुतेक भार तळावर आदळणाऱ्या पाण्याचा दाब उचलून धरतो.

प्लेनिंगमध्ये वजन फार महाग पडतं. अमेरिकी बोटरचनाकार जॉर्ज क्राउच यांचं एक जुनं सूत्र आजही पहिल्या अंदाजासाठी वापरलं जातं. त्यानुसार वेग हा अश्वशक्ती आणि वजन यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. साडेचार टनांच्या बोटीला ४०० अश्वशक्तीचं इंजिन असेल, तर ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास वेग मिळतो. त्याच बोटीत एक टन वजन वाढलं की वेग साधारण ४३ वर येतो. उलट, वेग वीस टक्क्यांनी वाढवायचा तर शक्ती ४४ टक्के जास्त लागते. मग इंजिन मोठं, टाकी मोठी, आणि या दोन्हींचं वजन पुन्हा वेगाच्या मुळावर येतं. ४०० लिटर पेट्रोल म्हणजेच ३०० किलो. एसी, जनरेटर, फ्रिज, पाण्याची टाकी असं एकेक सामान चढत जातं. पत्रकातला सर्वोच्च वेग बहुधा अर्ध्या टाकीचा आणि दोन माणसांचा असतो.

आता तळाकडे पाहू. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा निर्णय इथे होतो, आणि गिऱ्हाईक सगळ्यात कमी बघतं तेही इथेच.

विहिरीत सूर मारताना हात आधी गेले तर पाणी फाटतं, पोटावर पडलं तर अंग भाजल्यासारखं होतं. बोटीच्या तळाचंही तेच. तळ सपाट असेल तर तो कमी शक्तीत लवकर प्लेनिंगवर येतो, इंधन वाचवतो आणि उभा असताना डुलत नाही. पण लाट आली की आपटतो. तळ इंग्रजी ‘व्ही’सारखा खोल असेल तर तो लाट कापतो, मात्र उचलायला जास्त ताकद मागतो आणि उभा राहिला की एका बाजूला दोन माणसं गेली तरी कलतो. आपटण्याचा हा जोर पहिल्यांदा नीट मोजला तो विमानांसाठी. पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचे तरंगते पाय का फुटतात, हे शोधताना थिओडोर फॉन कार्मन यांनी १९२९ साली पाचरीच्या आकाराचं गणित मांडलं. त्यांच्या सूत्रावरून अंदाज केला, तर आडव्या पातळीशी १२ अंशांचा कोन करणाऱ्या तळाला पाण्याचा पहिला स्पर्श होताना जो दणका बसतो, त्याच्या साधारण निम्मा २४ अंशांच्या तळाला बसतो.

हे समुद्रावर सिद्ध झालं १९६० मध्ये. मायामी ते नासाऊ या मोटारबोट शर्यतीच्या दिवशी समुद्र खवळलेला होता. रेमंड हंट यांनी आखलेल्या खोल ‘व्ही’ तळाच्या ‘मॉपी’ नावाच्या बोटीतून रिचर्ड बर्ट्राम यांनी ती शर्यत आठ तासांत जिंकली. तेव्हापासून खोल तळ म्हणजे उत्तम तळ असा समज रुजला. तो खुल्या समुद्रासाठी बरोबरही आहे.

पण आपलं पाणी उजनीचं. तिथल्या लाटा कशा असतात? लाटेची उंची वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहिला आणि किती मोकळ्या पाण्यावरून आला यावर ठरते. दहा किलोमीटर मोकळ्या पाण्यावरून ताशी ३५ किलोमीटरचा वारा टिकून वाहिला, तर लाट साधारण अर्धा मीटर उठते. समुद्राच्या मानाने ती किरकोळ वाटेल. मात्र ती अडीच-तीन सेकंदांनी एक अशी येते, आणि दोन लाटांमधलं अंतर दहा ते चौदा मीटर, म्हणजे बोटीच्या लांबीहून थोडंच जास्त असतं. उथळ जागी ती आणखी उभट होते. ताशी ४० किलोमीटरने वाऱ्याच्या तोंडावर निघालं तर सेकंदाला एकाहून जास्त दणके बसतात. लाट उंचीने लहान असली तरी कंबर मोडते ती अशी. म्हणून सपाट तळ नको, आणि २४ अंशांचा खोल तळही गरजेपेक्षा जास्त होतो. १६ ते १८ अंश हा कोन मला उजनीला योग्य वाटतो.

वळिवाच्या वाऱ्याला इथे कुणी हलक्यात घेऊ नये. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. ती बोट वेगळ्या प्रकारची होती, पाणी आणि वारा हेच होते.

आता रुंदीचं बघू. रुंदी दहा टक्क्यांनी वाढवली तर कलण्याला होणारा सुरुवातीचा विरोध सुमारे ३३ टक्क्यांनी वाढतो, कारण तो रुंदीच्या घनाच्या प्रमाणात जातो. केबिनही मोठी होते. पण रुंद बोट लाटेत जास्त आपटते, आणि आपल्याकडे आणखी एक अडचण आहे: रस्ता. भारतात वाहनाची रुंदी २.६ मीटरच्या आत असावी लागते. दहा मीटरच्या स्पोर्ट्स क्रूझरची रुंदी तीन मीटरच्या पुढे असते. मुंबईहून पुणे-सोलापूर महामार्गाने ती टेंभुर्णीकडे आणायची म्हणजे खास परवानगी, लांबलचक ट्रेलर आणि प्रत्येक दुरुस्तीला तीच यातायात. अडीच मीटर रुंदीची बोट साध्या ट्रेलरवर घरी आणून शेडमध्ये ठेवता येते.

केबिनमध्ये ताठ उभं राहता यावं, ही तर सगळ्यांचीच मागणी असते. त्यासाठी सहा फुटांची मोकळी उंची लागते. तळ खाली नेता येत नाही, म्हणून छत वर जातं. वजन वर गेलं की बोट जास्त कलते, आणि उंच बाजूंना वारा शिडासारखा ढकलतो. धक्क्याला लावताना हे फार जाणवतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात त्या बंद फायबरच्या केबिनमध्ये दुपारी कोण झोपणार, हाही विचार करावा. मी तर केबिन लहान ठेवून मागे मोठी सावली करीन.

इंजिन कुठे बसवायचं आणि बोट ढकलणारा पंखा (प्रोपेलर) कसा फिरवायचा, यावर उजनीत सगळ्यात बारकाईने विचार करायला हवा. कारण या धरणाचा एकूण साठा ११७ टीएमसी असला तरी त्यातला ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा आहे, आणि उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये गेली’ हे वाक्य आपण जवळजवळ दरवर्षी ऐकतो. पाणी उतरलं की बुडालेल्या गावांच्या भिंती, जुने रस्ते, झाडांचे बुंधे वर येऊ लागतात. पळसदेवचं पळसनाथाचं मंदिर दुष्काळात उघडं पडतं, तेव्हा लोक चालत जाऊन दर्शन घेतात. ते पूर्ण उघडं पडायच्या आधीचे काही आठवडे बोटीसाठी घातक. दगड पाण्याखाली हातभरच असतो आणि गढूळ पाण्यात दिसत नाही.

सरळ दांड्याचा, म्हणजे शाफ्टचा पंखा साधा आणि टिकाऊ असतो, पण तो तळाच्या खाली कायमचा असतो, वर घेता येत नाही. ठोकर बसली तर पंखा आणि दांडा दोन्ही वाकतात. व्होल्व्हो पेंटाने १९५९ मध्ये ‘अ‍ॅक्वामॅटिक’ आणलं तेव्हापासून रूढ झालेल्या स्टर्नड्राइव्हमध्ये इंजिन आत आणि पंख्याचा पाय बाहेर असतो. पाय वर उचलता येतो, त्याचा कलही बदलता येतो. पण सांध्यावरची रबरी नळी दर काही वर्षांनी बदलावी लागते. ती फाटली तर पाणी थेट आत येतं, आणि तिच्याकडे दुर्लक्ष झालेली जुनी बोट स्वस्तात मिळते. आउटबोर्ड (मागच्या कडेला बाहेर बसवलेला, पंख्यासकट अख्खा इंजिनाचा संच) पूर्ण वर उचलता येतो, दुरुस्तीला खोलून नेता येतो आणि बोटीच्या पोटातली जागा मोकळी सोडतो. मागच्या पायरीवर बसून पाण्यात पाय सोडायची मजा मात्र जाते. उजनीसाठी मी आउटबोर्डच सांगेन.

आउटबोर्ड म्हणण्याला दुसरंही कारण आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. इंजिन बोटीच्या पोटात असेल तर ती तळाच्या पोकळीत साचते आणि एका ठिणगीने भडका उडतो. म्हणून आतलं पेट्रोल इंजिन सुरू करण्याआधी निदान चार मिनिटं हवा बाहेर फेकणाऱ्या विजेच्या पंख्याने ती पोकळी हवेशीर करायची असते. बेचाळीस अंशांच्या दुपारी वाफ जास्तच होते. डिझेल यात खूप सुरक्षित आणि काटकसरीचं. अडीचशे अश्वशक्ती वापरात असताना पेट्रोल इंजिन तासाला सुमारे ७५ लिटर जाळतं, डिझेल पन्नासएक. ताशी ४० च्या वेगाला पेट्रोल किलोमीटरमागे जवळजवळ दोन लिटर होतं. पण डिझेल इंजिन जड आणि बरंच महाग. सुट्टीच्या दिवशीच बोट निघणार असेल तर ती वाढीव किंमत इंधनातून लवकर वसूल होत नाही. कुठलंही इंजिन असो, पळत्या बोटीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि धूर उलटा बैठकीत ओढला जातो. मागची ताडपत्री बंद करून चालवलं तर त्यातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता माणसाला झोपवतो. केबिनमध्ये त्याचा इशारा देणारं यंत्र नसेल तर ते आधी बसवून घ्यावं.

युरोपात विकल्या जाणाऱ्या बोटींवर अ, ब, क, ड अशा दर्जांची पाटी असते. ‘क’ म्हणजे साधारण दोन मीटरपर्यंतच्या लाटा, ‘ब’ म्हणजे चार मीटरपर्यंत. एकच बोट ‘ब’ दर्जात आठ माणसांसाठी आणि ‘क’ दर्जात दहा माणसांसाठी मंजूर असू शकते. त्यामुळे दर्जाचं अक्षर वाचताना त्याच्या शेजारचा माणसांचा आकडाही वाचावा.

चाचणी फेरी टाकी भरून आणि घरातली जितकी माणसं नेहमी बसणार तितकी बसवूनच घ्यावी. सर्वोच्च वेग बघून झाला की वेग हळूहळू कमी करत न्यावा आणि बोट प्लेनिंग सोडून खाली कधी बसते ते टिपावं. ताशी २२-२३ किलोमीटरपर्यंत ती वरच टिकत असेल तर वारा सुटल्यावर बेताच्या वेगाने, दणके न खाता परतता येतं. ३० लाच बसत असेल, तर चालकाकडे दोनच पर्याय उरतात: आपटत पळणं, नाहीतर नाळ आभाळाकडे करून आंधळं रेटणं.