नकाशा एका ओळीत: भौगोलिक इंडेक्सची पार्श्वभूमी

संगणकाच्या साठवणीत माहिती एकामागून एक, एका ओळीत असते. जमीन मात्र दोन दिशांना पसरलेली. मुंबईच्या आसपासची ठिकाणं शोधायची आणि इंडेक्स (माहिती चटकन सापडावी म्हणून केलेली शोधसूची) फक्त अक्षांशावर बांधलेला असेल, तर छत्तीसगडमधलं जगदलपूरही हाती लागतं, कारण दोन्ही शहरं जवळपास त्याच १९ अंशांवर आहेत. रेखांशावर बांधला तर हीच गत उत्तर-दक्षिण होते. १९६०च्या दशकात ही अडचण कॅनडात खऱ्या कामाच्या आड आली.

तिथल्या सरकारने शेती, वनं, वन्यजीव, करमणूक यांसाठी कोणती जमीन कितपत योग्य आहे याची देशव्यापी पाहणी हाती घेतली होती. एवढे नकाशे माणसांनी एकमेकांवर ठेवून ताडून पाहणं आवाक्याबाहेरचं होतं. रॉजर टॉमलिन्सन यांच्या पुढाकाराने ते संगणकावर घ्यायचं ठरलं. माहिती राहणार चुंबकीय टेपवर. नकाशाचे चौकटी-चौकटींनी तुकडे पाडले, पण टेपवर शेजारचा तुकडा दूर पडला की तिथवर टेप फिरेपर्यंत थांबायचं. त्यामुळे तुकड्यांचा क्रम लावणं हेच मोठं काम होऊन बसलं.

ते आयबीएमच्या गाय मॉर्टन यांनी १९६६ साली सोडवलं. चौकटीच्या स्तंभाचा आणि ओळीचा क्रमांक बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून मांडायचा आणि दोघांचे बिट, म्हणजे हे ०-१ अंक, आळीपाळीने गुंफायचे. स्तंभ ३ म्हणजे ०११, ओळ ५ म्हणजे १०१. ओळीचा बिट आधी घेतला की १००१११, म्हणजेच ३९. या क्रमाने चौकटींवरून रेघ ओढली तर इंग्रजी झेडसारखी नागमोड तयार होते आणि जवळच्या चौकटी बहुतेक वेळा टेपवरही जवळ येतात. बहुतेक वेळा, नेहमी नव्हे: ८ बाय ८च्या जाळीत शून्याव्या ओळीतल्या ३ आणि ४ या सख्ख्या शेजारी स्तंभांना ५ आणि १६ असे क्रमांक मिळतात. ही पद्धत एका अंतर्गत अहवालात मांडली गेली. नंतरच्या गाजलेल्या शोधनिबंधांइतकंच श्रेय तिला मिळायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.

पुढच्या दशकात विद्यापीठांनी हा प्रश्न झाडांच्या रचनेने, म्हणजे माहितीचे फांद्यांसारखे भाग-उपभाग पाडून हाताळला. फिंकेल आणि बेंटली यांचा क्वाडट्री १९७४चा: प्रत्येक बिंदूपाशी प्रदेशाचे चार भाग. पुढच्याच वर्षी बेंटली यांनी के-डी ट्री मांडला, ज्यात एका पातळीवर उभा छेद, पुढच्या पातळीवर आडवा. दोन्ही बिंदूंसाठी उत्तम होते. पण तलाव, रस्ता किंवा सातबाऱ्यावरचा जमिनीचा तुकडा म्हणजे बिंदू नव्हे, त्याला विस्तार असतो.

तिथे १९८४ साली बर्कलीच्या अँटोनिन गटमन यांनी वळण दिलं. त्यांनी जागा कापण्याऐवजी वस्तूंचे गट केले. प्रत्येक वस्तूभोवती एक आयत, जवळच्या आयतांभोवती मोठा आयत, असं वरपर्यंत. आणि डेटाबेसमधल्या बी-ट्री या इंडेक्ससारखी डिस्कच्या पानांत, म्हणजे एका दमात वाचल्या जाणाऱ्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांत बसणारी रचना. हाच आर-ट्री. त्याची चाचणी नकाशावर नव्हे, तर रिस्क-२ या चिपच्या आराखड्यातल्या आयतांवर झाली होती. एकमेकांवर चढणारे आयत हा त्याचा कच्चा दुवा. ते जास्त झाले की शोधाला अनेक फांद्या धुंडाळाव्या लागतात. १९९०च्या आर-स्टार ट्रीने ही चढाचढ बरीच कमी केली. २००१ साली आलेल्या पोस्टजीआयएस या भौगोलिक माहितीसाठीच्या डेटाबेस-जोडणीमधूनही आर-ट्रीच्याच जातीचा इंडेक्स सर्वदूर पोहोचला.

मॉर्टनची वाट मात्र बंद पडली नाही. ठिकाणाला छोटा अक्षरी कोड देणारा २००८चा जिओहॅश बिट गुंफण्याचीच युक्ती वापरतो. गूगलच्या एस-टू या भौगोलिक इंडेक्सने झेडऐवजी गणितज्ञ हिल्बर्ट यांची १८९१ची वक्ररेषा घेतली, जिच्यात एका चौकटीवरून पुढच्या क्रमांकाच्या चौकटीवर जाताना मधल्या उड्या नाहीत.

आपल्याकडे संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेला, १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेला पिनकोडही डावीकडून उजवीकडे प्रदेश बारीक करत जातो, पण त्याची शेवटची पायरी टपाल कार्यालय आहे. टपाल खात्याने २०२५ साली आणलेला डिजिपिन थेट अक्षांश-रेखांशांवरून निघतो. देश सामावणाऱ्या चौरसाचे १६ भाग, त्यातल्या एकाचे पुन्हा १६, असं १० वेळा. शेवटी उरते सुमारे ४ मीटर बाजूची चौकट. सुरुवातीची अक्षरं सारखी असली की ठिकाणं एकाच मोठ्या चौकटीत, हे पक्कं. उलट मात्र म्हणता येत नाही. मोठ्या चौकटीच्या सीमारेषेच्या दोन बाजूंना असलेल्या घरांचे कोड पहिल्याच अक्षरापासून वेगळे असू शकतात, म्हणून जवळचं शोधणाऱ्या प्रोग्रामला आजही शेजारच्या चौकटींचे कोड वेगळे काढून तिथेही पाहावं लागतं.